गरम पाण्यावर भागणारे जेवण : घरचे, स्वस्त आणि पोटभर

येत्या हिवाळ्यात आपल्या मंडळातील काही मुले-मुली हिमालयात पदभ्रमणाला निघाली आहेत. कोजागिरीच्या रात्री दूध आटत असताना त्यांच्यापैकी दोघींच्या आया मला म्हणाल्या, "काका, बरोबर काय बांधून द्यावे? रोज ती पाकिटातली नूडल्स खाऊन कसे भागेल?" त्यांना तिथल्या तिथे चार वाक्यांत सांगितले, पण प्रत्येकीला प्रमाणे लिहून हवी होती. म्हणून हा लेख. इंदूरकर खाण्याच्या बाबतीत कोणाचे ऐकून घेत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरीही थोडे ऐका, कारण यातले शहाणपण मला एका चुकीतून आले आहे.

माझी खिचडी फसली ती गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याची मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी उत्तराखंडात केदारकंठाला निघाल्या. जेवण आपले आपण करायचे, सामान कमी ठेवायचे आणि खर्चही कमी ठेवायचा, असे त्यांचे ठरले होते. निवृत्तीनंतर मला स्वयंपाकाचा नाद लागला आहे. मी मोठ्या हौसेने 'झटपट खिचडी' करून दिली. तांदूळ आणि मुगाची डाळ खमंग भाजली, मिक्सरमधून रव्यासारखी भरड काढली, त्यात फोडणी कालवली आणि पुड्या बांधल्या. घरी करून पाहिली तेव्हा छान मऊ झाली होती. पण घरी मी ती गॅसवर पाच-सात मिनिटे रटरटू दिली होती, हे माझ्या लक्षातच राहिले नाही. मुलींना मात्र सांगितले, "नुसते गरम पाणी घाला आणि झाका."

सांकरी गावाहून निघून त्या जुडा का तालाब या तळ्याकाठी मुक्कामाला पोचल्या. बाहेर बर्फ. पाणी उकळून खिचडीवर ओतले, झाकले, वाट पाहिली. डाळ कच्चीच. भुकेपोटी त्यांनी ती तशीच खाल्ली. एकीचे पोट रात्रभर दुखत राहिले, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्याच माघारी फिरल्या. शिखर राहिले. परत आल्यावर नात हसत म्हणाली, "आजोबा, खिचडी दाताखाली वाजत होती." तिने हसून नेले, पण मला ते लागले. तिने वर्षभर साठवलेले पैसे आणि सुट्टी माझ्या अर्धवट परीक्षेमुळे वाया गेली होती.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला.

पाणी ओतणे म्हणजे शिजवणे नव्हे

सगळ्या लेखाचे सार एवढेच : ओतलेले गरम पाणी अन्न शिजवत नाही, ते फक्त भिजवते. शिजवण्याचे काम घरीच पुरे करून निघायचे असते.

धान्यात स्टार्च असतो. त्याला पाणी आणि उष्णता मिळाली की तो फुगतो आणि मऊ होतो. तांदळाच्या बाबतीत त्यासाठी साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअस तापमान लागते. हे ऐकून वाटते की उकळते पाणी तर १०० अंशांचे, मग अडचण काय? अडचण अशी की ती उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटे सतत आच लागते. थंडगार डब्यात ओतलेले पाणी काही मिनिटांतच निवू लागते. डाळ तर भातापेक्षाही हट्टी.

त्यात उंचीची भर पडते. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळू लागते. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटरला सुमारे १ अंश घट धरावी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्याकडेच पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. केदारकंठा सुमारे ३८०० मीटर. तिथे ते ८७-८८ अंशांनाच खळखळू लागते. गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या भांड्यात तापमान त्यापुढे जात नाही. पहाडात प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही, त्याचे कारण हेच.

आता प्रश्न उरतो की कोणते पदार्थ आधीच शिजलेले असतात. पाकिटातली नूडल्स कारखान्यात वाफवून मग तळून किंवा वाळवून आलेली असतात, म्हणून ती दोन मिनिटांत तयार होतात. त्यात जादू काही नाही. आणि हीच युक्ती आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पोहे म्हणजे दुसरे काय? भात गरम पाण्यात भिजवायचा, भाजायचा आणि चेपायचा. तांदूळ तिथेच शिजून गेला. मेतकूट हे भाजलेल्या डाळींचे इतके बारीक पीठ की ते तसेच भातावर घेऊन खातो. सातूचे पीठ तर गार पाण्यातही चालते. म्हणजे आपल्या फळीवरच्या डब्यांत पदभ्रमणाची शिदोरी आधीपासून होती. आपण मात्र ती दुकानातल्या रंगीत कपात शोधत होतो.

पोहे

मध्यम जाडीचे पोहे अर्धा किलो घ्यावे आणि मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजून बाजूला काढावे. कढईत चार मोठे चमचे तेल घालून शंभर ग्रॅम शेंगदाणे तळून घ्यावे. त्याच तेलात मोहरी, जिरे, हिंग, सुक्या मिरच्यांचे तुकडे आणि कढीपत्ता घालावा. कढीपत्ता हाताने चुरला जाईल इतका कुरकुरीत व्हायला हवा. आपल्या इंदुरी पोह्यांची खूण म्हणून दोन चमचे भरड बडीशेप घालावी. मग हळद घालून लगेच पोहे आणि दाणे टाकावे, पाच मिनिटे परतावे. गॅस बंद करून सपाट अडीच लहान चमचे मीठ, दोन चमचे साखर आणि दीड चमचा आमचूर मिसळावे. लिंबाचे काम आमचूर करते.

याच्या आठ पुड्या होतात. एका पुडीला साधारण १२० मिलिलिटर उकळते पाणी पुरते. पाणी सगळीकडे फिरवून घालावे, एकदा हलवावे आणि पाच-सात मिनिटे झाकून ठेवावे. पाणी जास्त झाले तर लगदा होतो, म्हणून आधी थोडे कमीच घालावे, लागले तर पुन्हा. शेव आणि जीरावन वेगळ्या पुडीत न्यावे आणि वरून घालावे. दहा हजार फुटांवर जीरावनाचा वास आला की माणसाला सराफा आठवतो, असे नात सांगते.

उपमा

बारीक रवा अर्धा किलो. जाड रवा नको, तो मधे कच्चा राहतो. मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटे, वास सुटेपर्यंत भाजावा. दुसरीकडे चार मोठे चमचे तेलात मोहरी, दोन चमचे उडदाची डाळ लाल होईपर्यंत, हिंग, सुक्या मिरच्या आणि कढीपत्ता अशी फोडणी करावी. हरभऱ्याची डाळ घालू नये, ती या कामात कडकच राहते. फोडणीतच शंभर ग्रॅम सोयाबीनचा बारीक चुरा परतावा, म्हणजे त्याचा उग्र वास जातो. मग भाजलेला रवा आणि शंभर ग्रॅम भाजलेले दाणे घालून पुन्हा पाच मिनिटे परतावे. मीठ अडीच चमचे, साखर दोन चमचे, आमचूर दोन चमचे.

सोयाबीनचा चुरा पोषणासाठी आहे. त्यात वजनाच्या निम्म्याहून थोडी अधिक प्रथिने असतात आणि कारखान्यात तो आधीच शिजलेला असल्याने गरम पाण्यात पाच-सात मिनिटांत फुगतो. दिवसभर चढल्यावर नुसता रवा आणि पोहे खाऊन स्नायूंची भरपाई होत नाही.

याच्याही आठ पुड्या, प्रत्येकी सुमारे ९५ ग्रॅमच्या. एका पुडीला साधारण २३० मिलिलिटर पाणी. उपम्याला पाणी खळखळतेच हवे. एका हाताने ओतावे, दुसऱ्या हाताने हलवावे, नाहीतर गुठळ्या होतात. दहा मिनिटे झाकण उघडू नये.

मेतकूट-भाताला पर्याय

ज्या खिचडीने मला तोंडघशी पाडले, तिची जागा आता याने घेतली आहे. जाडे पोहे भाजून मिक्सरमध्ये एकदाच फिरवून भरड करावे. एका माणसासाठी ही भरड एक वाटी, मेतकूट दोन मोठे चमचे, दूध पावडर एक मोठा चमचा, मीठ पाव लहान चमचा आणि चिमूटभर हिंग. यावर दोन वाट्या उकळते पाणी घालून दहा मिनिटे झाकावे. वरून तूप. अगदी गुरगुट्या भातासारखे होते. दमलेल्या, सर्दी झालेल्या किंवा उंचीमुळे भूक मेलेल्या माणसाच्या घशाखाली हेच उतरते. आमच्या मुली दुसऱ्या खेपेला सगळ्यात आधी याच पुड्या संपवून आल्या.

गोडाचे आणि न्याहारीचे

शिऱ्यासाठी बारीक रवा तुपात भाजून, गार झाल्यावर तेवढीच पिठीसाखर, निम्मी दूध पावडर आणि वेलदोडा मिसळावा. साखर विरघळून पातळ होते, म्हणून एक वाटी मिश्रणाला पाणी वाटीभरच. सातूच्या पिठात गुळाची पावडर मिसळून न्यावी. सकाळी घाईत चूल पेटवायची नसेल तेव्हा ते गार पाण्यातही कालवता येते.

पिठल्याचाही मी प्रयोग केला. बेसन कितीही भाजले तरी नुसत्या ओतलेल्या पाण्यात ते कच्चट लागले. तो नाद सोडला. तुम्हीही त्यात पडू नका.

ओलावा हा खरा शत्रू

हे पदार्थ टिकतात ते कोरडे असतात म्हणून. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, ओले खोबरे यांतले काहीही आत जाता कामा नये. मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच पुड्या भराव्या. कोमट असताना भरले तर आत वाफ धरते आणि तीच पुढे बुरशी होते. मी ताटात पसरून, पंख्याखाली नव्हे तर जाळीखाली, तीन-चार तास ठेवतो.

दुसरा शत्रू खवटपणा. तेल, तूप आणि दाणे यांना हवा आणि ऊन लागले की ते खवट होतात. म्हणून निघण्याच्या चार-पाच दिवस आधीच करावे, महिनाभर आधी करून ठेवू नये. तीन आठवड्यांच्या आत संपवावे. उघडल्यावर वास घ्यावा, शंका आली तर टाकावे. डोंगरात डॉक्टर नसतो.

शिजवलेला भात उन्हात वाळवून न्यावा असेही कोणी सुचवतात. शिजलेला भात दोन दिवस कोमट-ओलसर राहिला तर त्यात अपायकारक जिवाणू वाढतात, आणि त्यांचे विष नंतर गरम पाण्यानेही जात नाही. ओव्हनमध्ये एका दिवसात खडखडीत वाळवता येत असेल तर ठीक, नाहीतर पोहे आहेतच.

पुडी, डबा आणि पाणी

दाबून बंद होणाऱ्या जाड पिशवीत एका माणसाचे एक वेळचे भरावे. बाहेर कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर पदार्थ, केल्याची तारीख आणि पाण्याचे प्रमाण लिहावे. मी सदतीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे नोंद नसलेली वस्तू मला कपाटात ठेववत नाही. पण इथे ती सवय खरेच उपयोगी पडते. दमलेल्या माणसाला प्रमाण आठवत नाही. स्टीलच्या पेल्यावर आतून १२० आणि २३० मिलिलिटरच्या खुणा ओरखडून ठेवल्या तर आणखी सोपे.

उकळते पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतू नये. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा. आधी त्यात थोडे गरम पाणी घोळवून डबा तापवून घ्यावा, ते पाणी पिऊन टाकावे आणि मग मिश्रण घालावे. झाकण लावल्यावर डबा लोकरी टोपीत किंवा मफलरमध्ये गुंडाळून ठेवावा. एवढ्यानेच कच्चे आणि नीट भिजलेले यांत फरक पडतो.

झऱ्याचे किंवा ओढ्याचे पाणी असेल तर ते उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळू द्यावे. थर्मासमध्ये सकाळी भरलेले पाणी दुपारी पोह्यांना चालते, उपम्याला चालत नाही.

गॅसच्या छोट्या टाक्या रेल्वेने किंवा विमानाने नेता येत नाहीत. त्या डेहराडूनसारख्या ठिकाणी उतरल्यावरच घ्याव्या. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटला विजेची किटली लावायलाही मनाई आहे. रिकाम्या पिशव्या, टाक्या, चिठ्ठ्या सगळे परत खाली आणावे. आपले मंडळ स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहराचे आहे, तो मान डोंगरावरही राखावा.

जमाखर्च

आमच्या इथल्या किराण्याच्या भावाने उपम्याचा हिशेब असा : रवा २५ रुपये, तेल ९, सोयाबीनचा चुरा १८, दाणे १५, बाकी फोडणी आणि मसाला १०. एकूण ७७ रुपये, आठ पुड्या, म्हणजे एका वेळेला दहा रुपयांच्या आत. दुकानातल्या तयार कपाला याच्या चार-पाच पट पैसे पडतात, आणि तो कप पिशवीत जागाही फार खातो. एका माणसाला दिवसभराचे कोरडे खाणे, म्हणजे या पुड्या, दाणे-गुळाची चिक्की आणि सुका मेवा मिळून, ५०० ते ६०० ग्रॅम धरावे. चार दिवसांचे सव्वादोन किलोच्या आसपास होते.

मिठाचाही हिशेब ठेवावा. तयार पाकिटामागे सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. १००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. वर दिलेल्या उपम्यात एका पुडीत साधारण पावणेदोन ग्रॅम मीठ येते. रक्तदाब असलेल्यांनी ते आणखी कमी करावे. घरी केलेल्या पुडीत ते आपल्या हातात असते, हाच तिचा मोठा फायदा.

हे फक्त डोंगरासाठी नाही

आपल्या मंडळाच्या सहली आठवा. मांडव असो की पचमढी, पहाटे चारला उठून पुऱ्या लाटणाऱ्या, मुक्कामी पोचल्यावर पुन्हा पातेली मांडणाऱ्या बायकाच. सहल बाकीच्यांची, स्वयंपाक त्यांचाच. आमच्या सौ.ने एकदा पचमढीहून परतताना म्हटले होते, "धूपगडचा सूर्यास्त मी भांडी विसळताना पाहिला." त्यानंतरच्या सहलीला मी पुड्या घेऊन गेलो. विश्रामगृहात विजेची किटली होती. ज्याने त्याने आपला डबा आपण भिजवला, आपण धुतला. ती त्या संध्याकाळी धूपगडावर पुरता तासभर बसली होती.

परदेशी निघालेली मुले, रुग्णालयात सोबतीला राहणारी माणसे, परिक्रमेला निघालेले ज्येष्ठ, यांनाही हेच उपयोगी पडते.

शेवटी एक अट. कोणतीही पुडी घरी तपासल्याशिवाय देऊ नका, आणि तपासणी तिथल्यासारखी करा. पाणी उकळून गॅस बंद करा आणि झाकण काढून ठेवा. ते ८७-८८ अंशांवर उतरले की मगच ओता. मी नातीच्या दुसऱ्या खेपेआधी हे तापमापक लावून, डिसेंबरच्या पहाटे गच्चीवर बसून केले. शेजाऱ्यांनी विचारले, काका बरे आहेत ना?

नात त्या खेपेला केदारकंठाच्या माथ्यावर पोचली. खाली सांकरीला येऊन फोन केला तेव्हा पहिले वाक्य होते, "आजोबा, या वेळी काही वाजले नाही."